बाळाचं नाव सोपान ठेवावं का?

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्हाला नुकताच मुलगा झाला. जन्म पूर्वाभाद्रपदा नक्षत्राच्या दुसऱ्या चरणावरचा, त्यामुळे गुरुजींनी ‘सो’ अक्षर काढून दिलं. सोहम आमच्या सोसायटीतच चार आहेत. सोमेश आणि सोमनाथ चुलत घरात झाले. पत्नीने ‘सोपान’ सुचवलं आणि मला ते ऐकताक्षणी आवडलं. घरात मात्र एकमत होत नाही. आई म्हणते, सोपानदेवांनी कोवळ्या वयात समाधी घेतली, ते नाव लेकराला नको. धाकटा भाऊ म्हणतो, सोपान म्हणजे जिना. ज्यावर लोक पाय देऊन जातात त्याचं नाव माणसाला कुणी ठेवतं का? आणि मोबाइलवर नावांच्या एका यादीत ‘सोपान : विष्णूचे नाव, बुद्धिमान’ असा अर्थ दिला आहे. खरा अर्थ कोणता? नाव आलं कुठून? आजच्या मुलाला ते शोभेल का? बारसं तिसऱ्या महिन्यात करायचं आहे.
– एक वाचक, बेंगळुरू

उत्तर : तुमचं पत्र वाचलं आणि ‘सोपान’ हा शब्द मी मोठ्याने म्हणून पाहिला. कितीतरी वर्षांत तो आमच्या घरात उच्चारला गेला नव्हता. माझ्या मामाचं नाव सोपान. आजोळ पुरंदर तालुक्यातलं, सासवडला बैलगाडीने सकाळी निघून दुपारी परत येता येईल इतक्या अंतरावर. मामा जन्मला मार्गशीर्षात, सासवडला सोपानकाकांच्या समाधी सोहळ्याचा सप्ताह चालू असताना. त्यामुळे त्याच्या नावाचा वेगळा विचार कुणाला करावाच लागला नाही. आजी सांगायची, आत्याने कानात नाव सांगायच्या आधीच सगळी आळी त्याला सोपान म्हणायला लागली होती.

आधी तो मोबाइलवरचा अर्थ बाजूला ठेवा. सोपान हे विष्णूचं नाव नव्हे. विष्णुसहस्रनामात ‘सोमप’ आहे, ‘सोपान’ नाही. बुद्धिमान हा अर्थही या शब्दाला कधी नव्हता. नावांच्या अशा याद्यांमध्ये हल्ली प्रत्येक नावाला ‘देव’, ‘तेज’, ‘विजय’, ‘बुद्धिमान’ यांतलं काहीतरी चिकटवलेलं असतं. मला याचं फार वाईट वाटतं. आईवडील विश्वासाने ते वाचतात, बारशाच्या पत्रिकेवर छापतात, आणि पोर मोठं होऊन तोच अर्थ पुढे सांगतं. शब्दाचा स्वतःचा अर्थ मात्र कुणाच्या कानावर पडतच नाही. सोपानच्या बाबतीत तर तसं व्हायला नको, कारण त्याचा स्वतःचा अर्थ भरभक्कम आहे.

सोपान हा संस्कृत शब्द, नपुंसकलिंगी. अर्थ : चढायच्या पायऱ्या. अमरकोशात एकाच ओळीत चढण्याची दोन साधनं वेगळी करून सांगितली आहेत : ‘आरोहणं स्यात्सोपानं निश्रेणिस्त्वधिरोहिणी’. आरोहण म्हणजे सोपान, निश्रेणी म्हणजे अधिरोहिणी. यातली निश्रेणी ही लाकडाची शिडी. गोव्यात शिडीला अजून ‘निसण’ म्हणतात, ती हीच. शिडी खांद्यावर टाकून नेता येते, काम झालं की काढून ठेवता येते. सोपान तसा नाही. तो बांधलेला असतो, जागचा हलत नाही, रात्री अंधारात पाय टाकला तरी तिथेच असतो. तुमचे भाऊ ‘जिना’ म्हणतात तो शब्द फारसीतून आला. ‘पायरी’ आपल्या पायावरून आली. तिन्ही शब्द एकाच वस्तूभोवतीचे असले तरी सोपान म्हटलं की मला नदीचा घाट दिसतो, नाहीतर बारव. सोपानदेव ज्या यादवकाळात जन्मले त्या काळातल्या बारवा मराठवाड्यात आजही आहेत. पाण्यापर्यंत उतरत गेलेल्या दगडी पायऱ्या. पावसाळ्यात पाणी चढतं आणि खालच्या पायऱ्या बुडतात. उन्हाळ्यात पाणी खाली जातं आणि एकेक पायरी उघडी पडते. पाणी कितीही खोल गेलं तरी तिथवर पोचवणारी पायरी आधीपासून बांधून ठेवलेली असते.

संस्कृत काव्यात हा शब्द मानाने वावरतो. कालिदासाच्या मेघदूतात तो पुन्हा पुन्हा येतो. कनखलजवळ हिमालयातून उतरणारी गंगा म्हणजे सगरपुत्रांसाठी स्वर्गाला लावलेली सोपानपंक्ती. अलकेतल्या यक्षाच्या घरी जी विहीर आहे तिचे सोपान पाचूच्या शिळांचे. पण माझी आवडती जागा तिसरी. यक्ष मेघाला सांगतो की कैलासावर शंकराच्या हातात हात देऊन गौरी पायी फिरत असेल, तर तू पुढे हो, तुझ्या पोटातलं पाणी थिजवून घट्ट कर, वळ्या घाल, आणि तिला रत्नांच्या तटावर चढता यावं म्हणून ‘सोपानत्वं कुरु’. तू पायऱ्या हो. एरवी मेघाचं काम बरसण्याचं. इथे त्याला बरसणं आवरून, गौरीच्या पावलांखाली स्थिर राहायला सांगितलं आहे. शाळेत अकरावीच्या मुलांना हा श्लोक शिकवताना मला दरवर्षी मामाची आठवण यायची. त्याचं कारण पुढे सांगते.

तुम्ही बेंगळुरूला राहता, तिथे उत्तरेकडचे शेजारी असतील तर त्यांना हे नाव परकं वाटणार नाही. तुलसीदासांच्या रामचरितमानसात सात कांडांना सात सोपान म्हटलं आहे. मानस म्हणजे सरोवर, आणि त्यात उतरायला सात घाट-पायऱ्या, अशी ती कल्पना. बंगाली शेजारी मात्र कदाचित गोंधळतील, कारण त्यांच्याकडे ‘स्वपन’ हे नाव आपल्या कानाला सोपानसारखंच ऐकू येतं. ते स्वप्नावरून आलेलं, अगदी वेगळं नाव.

आता माणसाचं नाव म्हणून ते आपल्याकडे कुठून आलं, ते तुम्हाला ठाऊकच आहे. आपेगावच्या विठ्ठलपंतांनी काशीला जाऊन संन्यास घेतला, गुरूंच्या आज्ञेवरून परत संसारात आले, आणि नंतर झालेल्या चारही मुलांना गावाने ‘संन्याशाची पोरं’ म्हणून वाळीत टाकलं. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता. ही चार नावं ओळीने म्हणून पाहा. आधी मागे फिरणं, मग ज्ञान, मग पायऱ्या, मग मोकळीक. कीर्तनकार हे नेहमी उलगडून सांगतात आणि ते खरोखर सुंदर आहे. मला त्यात एक बारकावा फार मोलाचा वाटतो. ज्ञान झालं की लगेच मुक्ती, असा क्रम त्यात नाही. दोहोंच्या मध्ये सोपान आहे. चढायचं अजून बाकी आहे.

सोपानदेवांचा जन्म परंपरेनुसार 1277 सालचा. ज्ञानेश्वरी नेवाशाला सांगून झाली 1290 साली, तेव्हा हा मुलगा तेरा वर्षांचा. चौघांच्या कथांमध्ये सगळ्यात कमी बोलणारा तोच. निवृत्तिनाथ गुरू, ज्ञानदेव सगळ्यांची माउली, मुक्ताई ताटीच्या अभंगांतून थोरल्या भावालाही समजावणारी. सोपानदेवांच्या नावावर मोजके अभंग आहेत आणि ‘सोपानदेवी’ ही गीतेवरची टीका त्यांची मानली जाते, पण लोकांच्या तोंडी त्यांचे प्रसंग फारसे नाहीत. तरीही वारकऱ्यांनी त्यांना जे संबोधन दिलं ते बाकी तिघांपैकी कुणाला नाही. सोपानकाका! एकोणीस वर्षांचा मुलगा आणि सातशे वर्षं लोक त्याला काका म्हणतात. नात्याने पाहिलं तर माउलीचा भाऊ म्हणून तो मामा व्हायला हवा होता. वारीने त्याला काका केलं, घरातला, वडिलांच्या बाजूचा, हक्काचा.

आईंची भीती मी हलकी मानत नाही. ज्या बाईने घर चालवलं, पोरं वाढवली, तिला नावातला अशुभाचा पुसट धागाही टोचतो. पण त्यांना दोन गोष्टी सांगा. ज्ञानेश्वरांनी कार्तिक वद्य त्रयोदशीला, शके 1218 मध्ये, म्हणजे 1296 साली आळंदीला समाधी घेतली. त्यांचं वय एकवीस. त्यानंतर बरोबर एका महिन्याने, मार्गशीर्ष वद्य त्रयोदशीला, सोपानदेवांनी सासवडला कऱ्हेकाठी समाधी घेतली. दोन भावांच्या वयात फरक दोन वर्षांचा. असं असून महाराष्ट्रात घरोघरी ज्ञानेश्वर आहेत, ज्ञानदेव आहेत, ज्ञानोबा आहेत. ते नाव ठेवताना एकाही आईचा हात पाळण्यावर थबकला नाही. मग सोपानानेच काय केलं? आणि दुसरी गोष्ट : वारकरी समाधीला मृत्यू म्हणत नाहीत. सोपानकाका आजही दरवर्षी पंढरीला निघतात. माउलींची पालखी दिवेघाट चढून सासवडला मुक्कामी येते, त्याच मुक्कामात सासवडहून सोपानकाकांची पालखी निघते. माउली जेजुरी, लोणंद, फलटणच्या वाटेने, काका बारामती, अकलूजच्या वाटेने. वेळापूर सोडल्यावर टप्पा म्हणतात त्या ठिकाणी दोन्ही पालख्या भेटतात. ती बंधुभेट. मी ती एकदाच पाहिली, मामाच्या शेजारी उभी राहून. दोन रथ शेजारी आले आणि एरवी दुःखातही डोळे न पुसणारा माझा मामा तोंडावर उपरणं धरून उभा राहिला. शक्य असेल तर आईंना एका आषाढात तिथे घेऊन जा. नाव ठेवायचं की नाही ते मग त्यांनाच ठरवू द्या.

आणि नाव सोपान असूनही माझा मामा चौऱ्याऐंशी वर्षं जगला. बहिणाबाई चौधरींचे पुत्र सोपानदेव चौधरी 1907 ते 1982, पंचाहत्तरीपर्यंत.

या सोपानदेवांकडे यायचंच होतं, कारण भावाच्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे. ज्यावर लोक पाय देतात त्याचं नाव माणसाला का ठेवावं, असं त्यांनी विचारलं. प्रश्न रास्त आहे. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात, चुलीपुढे त्या ओव्या रचत. त्या कागदावर उतरल्या सोपानदेवांच्या आणि एका मावसभावाच्या हातून. सोपानदेव स्वतः नावाजलेले कवी होते. डिसेंबर 1951 मध्ये बहिणाबाई गेल्या. त्यानंतर त्यांनी आईची वही आचार्य अत्र्यांना वाचून दाखवली आणि 1952 मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह बहिणाबाईंची गाणी प्रसिद्ध झाली. आज शाळेतल्या प्रत्येक मुलाला आई ठाऊक आहे. मुलाची स्वतःची कविता तितकी कुणाला आठवत नाही. कवीला हे ठाऊक नसेल का, की आईची गाणी बाहेर आली तर आपला आवाज त्यांखाली राहील? तरी त्यांनी ती पुढे केली. आणि ज्या अत्र्यांपुढे ती वही उघडली ते अत्रे सासवडचे, सोपानकाकांच्या गावचे. हा योगायोग मला नेहमी हलवतो.

पंढरपूरला विठ्ठलमंदिराच्या महाद्वारात पहिली पायरी कुणाची, हे भावाला विचारा. नामदेवांची. भक्तांचे पाय आपल्याला लागावेत म्हणून नामदेवांनी तिथे समाधी घेतली, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. आज लोक त्या पायरीवर पाय न देता डोकं ठेवतात. पायरी होणं आपल्याकडे कमीपणाचं कधी नव्हतं. ते मागून घेतलेलं मागणं होतं.

मामाची गोष्ट सांगायची राहिली. मामाचं अंजिराचं शेत होतं, दोन एकरांच्या आत. खट्टा बहार आणि मीठा बहार, दोन्ही हंगामांत पहाटे तीनला उठून फळं तोडायची, पाटीत अंजिराचीच पानं अंथरून थर लावायचे आणि उजाडायच्या आत सासवडच्या बाजारात पोचायचं. अंजीर थांबत नाही, दुपार झाली की मऊ पडतं. माझे वडील लवकर गेले. माझ्या डी.एड.च्या दोन वर्षांची फी मीठ्या बहाराच्या पैशातून आली. त्यासाठी मामाने विहिरीवरची मोटर बदलायचं तीन वर्षं पुढे ढकललं, हे मला मामी गेल्यावर तिच्या वहीतल्या हिशोबावरून कळलं. मामा एका शब्दाने बोलला नव्हता. मेघदूतातली ती ओळ शिकवताना माझा आवाज का अडखळायचा, ते माझ्या विद्यार्थिनींना कधी समजलं नसेल. आज तुमच्या पत्रामुळे लिहून टाकलं.

नाव ठरलंच तर व्यवहारातल्या एक-दोन गोष्टी. इंग्रजी स्पेलिंग सुरुवातीलाच पक्कं करा आणि कुठेही बदलू देऊ नका. ‘प’च्या पुढे एक ‘ए’ घालायचा की दोन, हे घरात बसून ठरवा. एक ‘ए’ घातला तर परप्रांतातले लोक ‘सोपन’ वाचतील. माझ्या मामाच्या एका बँकेतल्या पासबुकावर एक स्पेलिंग होतं, दुसऱ्या कागदावर वेगळं, आणि पीककर्जाच्या वेळी ही दोन माणसं एकच आहेत हे सिद्ध करायला त्याला तालुक्याला चार हेलपाटे घालावे लागले. जन्माची नोंद एकवीस दिवसांत करायची असते, ती तुम्ही केलीच असेल. त्या नोंदीत बाळाचं नाव मागाहून घालता येतं. बारा महिन्यांच्या आत घातलं तर विलंब शुल्क लागत नाही. म्हणजे बारशापर्यंत थांबायला काहीच हरकत नाही. जन्मदाखल्यावर ‘सोपान’ इतकंच लिहा. सोपानदेव, सोपानराव ही रूपं लोक त्याच्या वयानुसार आपोआप देतील. लहानपणी सोपू होईल, खोडी केली की सोप्या. आमच्याकडे मामाला हाक मारताना आजी शेवट लांबवायची, ‘सोपानाऽऽ’, आणि ती विहिरीपर्यंत ऐकू जायची. दोन मोकळी अक्षरं आहेत, लांबून हाक मारायला चांगली.

बारशाला आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे विसरू नका. आणि मला नक्की कळवा.

प्रश्न : माझ्या भाच्याचं नाव ‘ऋभू’ ठेवायचं चाललं आहे. अर्थ काय आणि शेवटचा उकार ऱ्हस्व की दीर्घ?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ऋभू, विभ्वा आणि वाज हे ऋग्वेदातले तीन भाऊ, सुधन्व्याचे मुलगे. हातात विलक्षण कसब असलेले कारागीर. त्वष्ट्याने घडवलेल्या एका पेल्याचे त्यांनी चार पेले केले, अश्विनीकुमारांसाठी रथ घडवला, म्हाताऱ्या आईवडिलांना पुन्हा तरुण केलं. मुळात ते मर्त्य होते. आपल्या हातच्या कामाच्या बळावर ते देवांच्या पंक्तीला बसले. सुतार, सोनार, अभियंता, कुणाच्याही घरी हे नाव अभिमानाने ठेवावं. संस्कृतात ऋभु ऱ्हस्व आहे, पण मराठीत शब्दाच्या शेवटचा उकार दीर्घ लिहितात, म्हणून मराठीत ‘ऋभू’च लिहा.

प्रश्न : घराण्याची वंशावळ लिहून काढते आहे. पणजोबांचं नाव धोंडो आणि त्यांच्या धाकट्या भावाचं भिकाजी. घर चांगलं खातंपितं होतं, नारळी-पोफळी होती. मग पोटच्या मुलांना दगड आणि भीक अशी नावं का दिली असतील? माझ्या मुली हसतात आणि मला त्यांना काय सांगावं कळत नाही.
– एक वाचक भगिनी, चिपळूण

उत्तर : ताई, मुलींना जवळ बसवा आणि सांगा, कारण यात हसण्यासारखं काही नाही. ही नावं मायेची आहेत, आणि भीतीची.

ज्या काळात देवी, पटकी, साधा ताप आणि हगवण यांनी पाळणे रिकामे होत, त्या काळात दोन-तीन मुलं गेल्यावर जे मूल होई त्याला आईवडील चांगलं नाव देत नसत. चांगल्या नावावर दृष्ट पडते, मृत्यूचं लक्ष जातं, असं मानत. मग त्याला धोंडू, दगडू म्हणायचं, म्हणजे नेणाऱ्याला वाटावं की हा दगड आहे, नेऊन काय करायचा. केरू, कचरू, विदर्भात उकंडा : हा तर घरातला केरकचरा, आमचा याच्यावर जीव नाही. कुठे मुलाचं नाक टोचून मुलगी आहे असं भासवत आणि त्याला नथू म्हणत. भिकाजी म्हणजे मागून आणलेला. कुठे देवाकडे पदर पसरून, कुठे खरोखर शेजारच्या घरांतून मागून आणलेल्या कापडाचं झबलं त्याला घालत, म्हणजे हे मूल आपलं नव्हेच, दुसऱ्याचं आहे. सुखवस्तू घरांत ही नावं असत, कारण साथ दार बघून येत नसे. मूल आपलं आहे हे जगापासून लपवण्यासाठी आईने त्याला टाकाऊ नाव द्यायचं, आणि रात्री त्याच्याच अंगावर हात ठेवून जागत बसायचं. ते तिला कसं जमत असेल, हे मला अजून कळलेलं नाही.

दगडात दुसराही एक अर्थ होता : टिकावा. कोकणातच, तुमच्यापासून फार लांब नाही, 1858 साली एक धोंडो जन्मला. धोंडो केशव कर्वे. विधवांसाठी आश्रम काढला, 1916 मध्ये महिलांचं विद्यापीठ उभं केलं, शंभराव्या वर्षी, 1958 मध्ये, भारतरत्न झाले आणि 1962 मध्ये गेले तेव्हा वय होतं एकशे चार. मुलींना हा धोंडो आधी सांगा.

आणि एक करा. वंशावळीत पणजोबा धोंडो हेच पहिलं अपत्य म्हणून लिहिलं असेल, तर घरातल्या जुन्या माणसांना विचारून पाहा. अशा नावाच्या आधी बहुधा कुणीतरी होऊन गेलेलं असतं. मुलगी असेल, सव्वा महिन्याचं बाळ असेल, बारसंही झालं नसेल. त्यांची नावं मिळणार नाहीत. पण झाडावर धोंडोच्या डाव्या हाताला दोन-तीन फांद्या काढा आणि त्या कोऱ्या ठेवा.